वर कोण हाय?

कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांची जेवणं उरकली, तरी राजेश्वरीचा डबा तसाच होता. शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणाऱ्या पेट्या इथं बनत, आणि पेटीच्या आतली सगळी अक्कल राजेश्वरीची. समोरची पेटी दहिवडीकडून परत आली होती. बिराप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवरची.

पहिली चाचणी तिथंच झाली होती. विहिरीत माणूस उतरला असेल तर त्या वस्तीवर कुणी परस्पर बटण दाबत नसे. खालून हाक येई, "वर कोण हाय?" वरच्यानं नाव सांगायचं, खालच्यानं बाजूला होऊन "सोड" म्हणायचं, मग मोटर. राजेश्वरीला ही रीत इतकी आवडली, की तिनं ती पेटीत जशीच्या तशी उतरवली. फोनवरचा हुकूम एन्क्रिप्शनच्या कुलपात बंद होऊन जाई, तरी पेटी उलट विचारी, "वर कोण हाय?" ताजं उत्तर मिळाल्याशिवाय मोटर हलत नसे.

पण माण तालुक्याच्या माळावर रेंज ती काय! सवालजवाबात मोटर खोळंबे आणि गिऱ्हाईक करवादे. मालक लालासाहेब म्हणाले, "कुलूप हाय न्हवं? मग चौकशा कशाला?" तिनं सवाल काढून टाकला. पेटी झटपट झाली, तिची पाठ थोपटली गेली, आणि तिला ते गोडही लागलं.

मग एके दिवशी बिराप्पानं फोनवरून दिलेला हुकूम नेटवर्कमध्ये अडकून पडला. मोटर लागेना म्हणून तो विहिरीत उतरला आणि मागून तो शिळा हुकूम पोचला. कुलूप शाबूत, शिक्का खरा. पेटीनं काही विचारलं नाही. खराब वायरीतून करंट पाण्यात उतरला.

"पेटीचा काय दोष न्हाई, बाई. लय गुणाची हाय," त्याची बायको साळूबाई म्हणाली होती.

आज नव्या पेट्या टेम्पोनं जाणार होत्या. त्यांतही सवाल नव्हता. तो परत घाला म्हणायचं, तर बिराप्पा कशानं गेला तेही सांगावं लागलं असतं. म्हणून ती गप्प होती, आणि स्वतःचीच तिला शिसारी येत होती.

तिनं पेटी विजेला जोडली. तपासणीचा फोन वाजला. कुलपातला संदेश उघडला.

वर कोण हाय?

जुन्या प्रोग्रामचा तुकडा राहिला असेल, म्हणून तिनं चिप कोरी केली. फोन वाजला. तोच सवाल. सिम काढलं. पुन्हा तोच.

"मॅडम, ह्यात पाणी कुठलं?" शेजारच्या टेबलावरचा झिशान म्हणाला. पेटीच्या फटीतून पाणी ओघळत होतं. त्याला शेवाळाचा वास होता. "पुसलं तरी येतंय."

तिनं वायरच उपटली.

फोन वाजला. सवाल तोच, पण ह्या वेळी पाठवणाऱ्या पेटीचा नंबर वेगळा होता. नवा.

तिनं मान वळवली. भिंतीशी खोके रचलेले होते, सीलबंद. आतल्या पेट्यांना वीज नव्हती, सिम नव्हतं.

झिशान दारापर्यंत मागे सरकला.

तिनं नाव लिहिलं. राजेश्वरी.

उत्तर लगेच आलं.

थांब. मी आजून खालीच हाय.

बाहेर टेम्पो मागे घेत होते. खोक्यांचा सगळ्यात खालचा थर ओला झाला होता.