चालत्या मशीनला आणखी एक

आमच्या ऑफिसच्या सर्व्हर-रूममध्ये लोखंडी पेटी एकच, पण तिच्या पोटात बावीस आभासी मशीनं नांदतात. प्रत्येकाला वाटतं, सगळं घर आपलंच. एखादं रेंगाळायला लागलं की मी त्याला आणखी एक प्रोसेसर देतो, तेही ते चालू असतानाच. जेवणाऱ्यांना न उठवता टेबलाला एक खुर्ची वाढवावी तसं. प्रोसेसर काढून घ्यायचा झाला, तर मात्र मशीन बंद करावं लागतं. हे सगळं मला ताईनं शिकवलं.

माझ्याआधी ताईच या खुर्चीवर होती. अपघातानंतर ती घरी नुसती पडून असायची. डोळे उघडे, बाकी काही नाही. तिनं उभारलेलं एक जुनं मशीन अजून चालू होतं. त्यावर काम कसलंच नव्हतं, तरी ते सतत दमलेलं दिसायचं. एकदा मी कंटाळून त्याला एक प्रोसेसर वाढवून दिला. तो क्षणात भरला.

दुपारी आईचा फोन आला. "अरे, ताईनं बोट हलवलं!" ती रडत होती.

योगायोग, म्हटलं. त्या दिवशीचा चहा बेचव लागला, एवढंच.

दुसरा दिला आणि ताईनं मान वळवली. तिसऱ्याला ती चक्क बोलली. "ठोंब्या, केस बघ किती वाढलेत तुझे." आई हसता हसता रडली. मला आनंद व्हायला हवा होता. खिशात किल्ली चाचपावी तसा मी तो चाचपून पाहिला. नव्हता.

चौथ्याला ती उठून बसली, पाचव्याला उभी राहिली. माझा डावा हात बधिर झाला होता. डॉक्टर म्हणाले, नस दबली असेल.

काल साहेब माझ्या स्क्रीनसमोर थांबले. "या मशीनवर कोण काम करतं?"

"कोणी नाही."

"मग सहा प्रोसेसर कशाला? जावई पोसताय का? बाकीची मशीनं ताटकळतायत. बंद करा, एकावर आणा, परत चालू करा. दोन मिनिटांचं काम."

मी बाण 'बंद करा'वर नेला. दोन मिनिटं. ताईला तेवढी सोसतील का, हे विचारायचं तरी कुणाला?

फोन वाजला. ताई. अपघातानंतर तिनं स्वतः लावलेला पहिला फोन.

"नको करूस," ती म्हणाली. "घरी ये. चहा ठेवते."

मी बटण दाबलं नाही.

घरी ताई ओट्याशी उभी होती. केस नीट विंचरलेले, हातात किटली. तिच्याकडे बघून मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं, एवढं फक्त आठवत होतं. मी कप पुढे केला.

"अजून एकच दे," चहा ओतताना ती म्हणाली. "जिना चढता येईल."

"देतो."

आई किंचाळली, म्हणून मी खाली पाहिलं.

कप केव्हाच भरला होता. उकळता चहा माझ्या हातावरून वाहत होता. ताई माझ्याकडे बघून हसत होती, आणि अजून ओतत होती.