शंभर वेळा उघडझाप

व्हॉल्व्ह कंपनीतले विक्रीवाले साहेब जेवायला गेले होते, म्हणून ती थेट चाचणीच्या खोलीत शिरली. टेबलावर स्टीलचा व्हॉल्व्ह आणि त्यावर वाकलेला एक उंच माणूस, हातात गळती शोधायची, हेलियम हुंगणारी नळी.

"दार लावा," तो मान वर न करता म्हणाला. "वाऱ्याने आकडे हलतात."

तिने दार लावलं. "आणि माणसांनी?"

त्याने वर पाहिलं... जरा जास्तच वेळ. "ते अजून तपासलं नाही."

ती केमिकल कारखान्यातली इंजिनिअर. हायड्रोजनच्या नव्या लाइनसाठी तिला चाळीस व्हॉल्व्ह निवडायचे होते. पाणी जिथे अडतं तिथूनही हा वायू सटकतो आणि एका ठिणगीत पेटतो. त्या लाइनवर तिचीच माणसं राबणार होती. नुसत्या सर्टिफिकेटवर तिचा जीव भांड्यात पडणार नव्हता.

"शंभर वेळा उघडझाप करा. मग चाकाच्या दांड्यापाशी गळती तपासा."

तो चाक फिरवू लागला, ती मोजू लागली.

"साठ... एकसष्ट... साठ..."

"पुन्हा साठ?" तो हसला. "लक्ष कुठंय?"

"समोरच आहे. म्हणून तर चुकतंय."

शंभर झाले. त्याने नळी दांड्याजवळ नेली आणि पडद्यावरचा आकडा भराभर चढला. गळती इतकी बारीक, की साबणाच्या फेसात एक बुडबुडाही दिसला नसता. त्याने नळी बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाला, "हा घेऊ नका. दांड्याभोवती नुसतं दाबून भरलेलं पॅकिंग आहे, ते घासून झिजतं. तुम्हाला बेलोजवाला हवा – आत धातूची घडीदार नळी असते, वायूला वाटच उरत नाही. आम्ही तो बनवत नाही."

"साहेबांना काय सांगाल?"

"हेच. चिडतील."

चिडलेच. ऑर्डर दुसऱ्या कंपनीला गेली आणि त्याची रवानगी गोदामात झाली.

दोन महिन्यांनी, सुट्टीच्या वेळी, ती गोदामाच्या दारात उभी होती.

"लाइन सुरू झाली. चाळीसच्या चाळीस व्हॉल्व्ह, कुठेच गळती नाही."

"फोनवरही सांगता आलं असतं," तो हात पुसत म्हणाला.

"आलं असतं. आठ दिवस इथे यायला कारण शोधत होते... सापडेना. मग म्हटलं, विनाकारणच जावं."

त्याचे कान लाल झाले. "मीही दोनदा तुमच्या गेटपर्यंत येऊन परत गेलो. ऑर्डर घालवलेला माणूस – काय तोंडाने भेटणार?"

"त्या दिवशी खरं बोललात ना? आताही बोला."

"तुम्ही मला आवडता," तो एका दमात म्हणाला. "फार."

"'तुम्ही' नको आता."

"तू... तुम्ही..." तो चुकला. ती खळखळून हसली आणि त्याचा हात धरून त्याला बाहेर उन्हात घेऊन गेली.