बिनगळाचा मासा

"मागाचा धोटा न्हाय ह्यो, बाई. मासा हाय."

दाक्षायणीने हातातला लाकडाचा तुकडा पुन्हा एकदा फिरवून पाहिला. वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळता. अप्पांच्या ओतकामाच्या कारखान्यात सकाळपासून मागवाले येत. कुणाला मागाचं दातेरी चाक हवं असे, कुणाला पितळी टोपण. मासा मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. हाही शेजारच्या कारखान्याला कुलूप दिसलं म्हणून इकडे वळला होता.

"माशाला डोळे असतात," ती म्हणाली. "तोंड असतं. कल्ले असतात."

"तुमी लई मासे बघितल्यात वाटतं?"

"एकही नाही. आम्ही लिंगायत."

तो हसला. उन्हाने रापलेला चेहरा, आणि त्यात ते पांढरं स्वच्छ हसू... दाक्षायणीने उगाचच टेबलावरचे कागद सारखे केले.

"डोळं नसलं तरी चालतंय," तो म्हणाला. "खाली लई अंधार असतो. तितं मोठ्या माशाला भुलवाया नुसती चमक पुरती. असा पितळंचा ओतून, वर कल्हई करून द्याल का?"

त्याचं नाव जोतीराम. भीमेकाठच्या कोळ्याचा मुलगा. रत्नागिरीला मामाकडे बोटीवर काम शिकला, तिथून एका गुजराती मालकाच्या ओळखीने थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदी नावाच्या गावी गेला. तिथे परदेशी पाहुणे दिवसभरासाठी बोट भाड्याने घेत आणि खोल समुद्रात मोठे मासे धरायला जात. त्यांना मासे मिळवून द्यायचे, हे जोतीरामचं काम. आता भीमेवर धरण होत होतं, त्याचं गाव पाण्याखाली जाणार होतं, आणि आईवडिलांचं बिऱ्हाड नव्या गावठाणात हलवायला तो काही महिन्यांसाठी परतला होता.

हे सगळं त्याने अप्पा येईपर्यंत तिला सांगून टाकलं. अप्पा — महादेवप्पा — आले, त्यांनी लाकडी मासा हातात तोलला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"जीव मारायचं हत्यार आमच्याकडून कशाला रे?"

"हत्यार गळ असतंय, मालक. ह्यो नुसता नाचणारा."

'नाचणारा' हा शब्द अप्पांना काय आवडला कोण जाणे. त्यांनी काम घेतलं.

पण मासा नाचेना. पहिले ओतलेले तुकडे जोतीरामने कारखान्याच्या हौदात सोडले, तर ते दगडासारखे सरळ तळाशी गेले. "न्हाय," तो म्हणाला. "खाली जाताना लटपटला पायजे. दमलेल्या माशावानी."

तो गेल्यावर दाक्षायणी हौदाशी बसली. मासा सोडायचा, बाही वर करून काढायचा, पुन्हा सोडायचा. मग तिने कानस घेतली आणि एक बाजू घासून सपाट केली, दुसरी तशीच फुगीर ठेवली. पाण्यात सोडला... आणि तो डुलत, गिरक्या घेत, चमकत खाली गेला. तिला एकटीलाच हसू फुटलं.

जोतीराम आला तेव्हा तिने काही न बोलता मासा हौदात सोडला. तो वाकून पाहत राहिला. मासा तळाला टेकला तरी पाहत राहिला.

"कुणी केलं ह्ये?"

"का? बिघडलं?"

"बिघडलं तर हाय," तो हळूच म्हणाला. "पर माशाचं न्हाय."

ती उठून आत गेली. आत तिला काहीच काम नव्हतं.

हौदात नाचणं वेगळं आणि खोल पाण्यात वेगळं, म्हणून एकदा हिप्परग्याच्या तलावावर पाहायचं ठरलं. दुष्काळात तळ दाखवलेला तलाव आता काठोकाठ भरला होता. अप्पा बरोबर आले, पण पाण्याला भिऊन काठावरच्या बाभळीखाली बसले. "लांब जाऊ नका," एवढं बजावून त्यांनी कपाळावर हात धरला आणि दोघांच्या होडीवर नजर रोखली.

सकाळचा गार वारा होता. पाणकावळे पंख पसरून खडकावर बसले होते. जोतीरामने बंधाऱ्याच्या भिंतीजवळच्या खोल पाण्यात होडी थांबवली आणि दोरीला मासा बांधला.

"गळ नाही लावायचा," दाक्षायणी म्हणाली.

"न्हाय लावत. धरा."

"मी?"

"तुमी बनवला, तुमीच नाचवा. सोडा सरळ खाली... जाऊ द्या... तळाला टेकला की दोरी ढिली पडती. पडली? आता वर झटका. थांबा. परत झटका. दोरी उभी राहू द्या, तिरपी न्हाय."

तिने झटका दिला, थांबली. पुन्हा दिला. ओल्या दोरीने बोटं गारठली. खाली काय चाललंय, काही दिसत नव्हतं.

"यात तुम्हाला काय मिळतं?" तिने विचारलं. "दिवसभर आंधळ्यासारखं दोरी ओढायची..."

"गावात समदं दिसतं. कोण कुणाचा, कुटं बसायचं, कुटं न्हाय बसायचं. तितं खाली कायबी दिसत न्हाय. नुसता हात सांगतो. आन् हात खोटं बोलत न्हाय."

दाक्षायणीने मान वर केली नाही. "आणि मासा धरतो कधी? वर ओढताना?"

"न्हाय. थांबल्यावर. खाली सुटताना."

"म्हणजे आपण ओढणं थांबवल्यावरच?"

"व्हय. लई वडलं की लांब पळतंय."

"मग तुम्ही इतके का बोलता?" ती म्हणाली, आणि आपणच काय बोलून गेलो म्हणून तिचे कान तापले.

तो बोलायचा थांबला. खरंच थांबला. वल्ह्यावरून पाण्याचे थेंब पडत राहिले—

आणि तेवढ्यात खालून काहीतरी आदळलं. मनगटापासून खांद्यापर्यंत. दोरी थरथरली, तिचे दोन्ही हात खाली ओढले गेले, ती ओरडली, आणि जोतीरामने पुढे होऊन तिच्या हातांवर हात ठेवले. क्षणभरच. मग ओढ सुटली. गळच नव्हता, मासा चव घेऊन निघून गेला.

"गेला!" ती हसत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "केवढा होता हो? दिसलाच नाही!"

"न्हाय दिसला," तो म्हणाला. हात मात्र अजून तिथेच होते.

काठावर अप्पा उभे राहून धोतर सावरत हाका मारत होते.

नंतर ते आणखी दोनदा तलावावर गेले. खरं तर मासे तयारच होते, पण एकाची कल्हई नीट नाही म्हणून, दुसऱ्याचं डुलणं कमी पडतं म्हणून. अप्पा दर वेळी बाभळीखाली बसले. त्यांना सगळं कळत होतं, असं दाक्षायणीला मागाहून वाटलं. तेव्हा मात्र तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

आणि मग जोतीराम माल न्यायला आला. नव्या गावठाणात आईवडिलांचं घर उभं राहिलं होतं, महाशिवरात्र झाली की तो निघणार होता. पोत्यात गुंडाळलेले मासे समोर असताना त्याने ते उचलले नाहीत.

"मालक, एक मागणं हाय. रागवू नगा. दाक्षायणीबाईंना मागायला आलोय."

अप्पा ओरडले नाहीत. त्यांचा आवाज उलट खाली आला.

"माझ्या गळ्यात लिंग आहे. माझ्या घरात मुंगीला साखर घालतात. आणि माझी पोर मासे मारणाऱ्याला देऊ? समुद्र सोडशील? हे काम सोडशील? इथंच राहशील?"

जोतीरामने दाक्षायणीकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"सोडतो."

तिने वाट पाहिली ती या शब्दाचीच, असं तिला वाटायला हवं होतं. तसं झालं नाही.

"नाही," ती म्हणाली. "नाही सोडायचं."

दोघेही तिच्याकडे वळले.

"तुम्ही इथं राहाल, मागाची चाकं विकाल," ती जोतीरामला म्हणाली, "आणि रोज सकाळी माझ्याकडे बघून तुम्हाला आठवेल की हिच्यापायी सगळं सोडलं. मला असा माणूस नको. तुमचे हात खोटं बोलत नाहीत म्हणालात ना? मग तोंड का बोलतंय?"

"मग मी काय करू?" त्याचा आवाज फाटला. "तुला सोडून जाऊ?"

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता.

"मला घेऊन जा."

अप्पा खाली बसले. "दाक्षा... तो कोळी आहे, पोरी."

"अप्पा," तीही त्यांच्यापाशी खाली बसली, "लहानपणी रोज संध्याकाळी तुम्ही आपल्या शरणसंतांच्या गोष्टी सांगायचात. त्या शरणांत एक नावाडी पण होता की. त्याला कुणी म्हटलं का, तू नाव सोड, मग आमच्यात बस?"

अप्पा उठले, चप्पल घातली आणि बाहेर निघून गेले.

पुढचे दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. आई — शरणम्मा — पूजेला बसली की उठेचना. जोतीराम गावठाणात परतला होता, पोतं कारखान्यातच पडून होतं. दाक्षायणी रोज कारखान्यात बसे, मागवाल्यांशी बोले, घरी येई. आपण अप्पांना दुखावलं, हे तिला टोचत होतं, पण बोललेला एकही शब्द परत घ्यावासा वाटत नव्हता. रात्री अंथरुणावर तिचा हात आपोआप मुठीसारखा मिटायचा आणि थांबायचा. खालून काही येतंय का, याची वाट बघत.

मग एका सोमवारी अप्पा सकाळीच कुठेतरी गेले ते दुपारी परतले. दारात त्यांच्या मागे जोतीराम उभा होता, धुतलेला सदरा घातलेला, हातात टोपी चुरगाळत.

अप्पांनी हातपाय धुतले, पाटावर बसले. जोतीरामला समोरचा पाट दाखवला. तो बसेना, तेव्हा म्हणाले, "बस की. शरणांत नावाडी बसत होता. घरातल्या माणसानं उभं राहून जेवायचं नसतं."

दाक्षायणी चौकटीला धरून उभी राहिली.

"माझी एक अट आहे," तीच अखेर म्हणाली. "घरात मासा शिजणार नाही."

"आन् बोटीवर?" जोतीरामने हळूच विचारलं.

"बोटीवर तुमचं राज्य. पण लहान मासा परत पाण्यात सोडायचा."

"आमचा तांडेल, बोटीचा म्होरक्या, सोडतोच. न्हाय सोडला, तर मी सोडीन."

अप्पा भाताचा घास हातात धरून विचार करत होते. "जोतीराम," ते गंभीरपणे म्हणाले, "तिथं ज्वारी मिळते काय?"

"ज्वारी कमी, अप्पा. मका लई. मक्याचं पीठ घट्ट शिजवत्यात, भाकरीगत."

"मक्याचं?" स्वयंपाकघरातून शरणम्माचा आवाज आला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली, जोतीरामकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि विचारलं, "कडक भाकऱ्या आफ्रिकेला जाणाऱ्या बोटीवर नेऊ देतात का?"

"देत्यात की, अव्वा."

"मग दाक्षा, उभी काय राहिलीस?" ती म्हणाली. "परात घे. आत्तापासून थापल्या तरच पुरतील."