वाटाड्याचं रीळ

"जादूगार नको! तिला अजिबात जादूगार देऊ नकोस!" बटण ओरडला. "पहिल्याच डावात मंत्र विसरेल आणि आपल्यालाच बेडूक करून टाकेल!"

"तुला करायला फारसे कष्ट पडणार नाहीत तिला," तिखट म्हणाली. "आणि त्या टेबलावरून आधी खाली उतर. तुझे बाबा कापड बेततात त्यावर!"

सुट्टीचा पहिलाच दिवस होता. बटणच्या बाबांच्या शिवणकामाच्या दुकानामागची ही खोली म्हणजे मुलांचा अड्डा. शिंप्याचा गोलमटोल मुलगा म्हणून त्याचं नाव बटण. तिखटला तिखट का म्हणतात, ते तिच्याशी दोन वाक्यं बोललेल्या कोणालाही सांगावं लागत नसे.

तिसरी होती धाकटी. ती आज पहिल्यांदाच खेळायला आली होती. एरवी तिचा दादा यायचा. सगळे त्याला कप्तान म्हणायचे. हा खेळ त्यानंच सुरू केला होता. प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं. कप्तान गोष्ट सांगायचा, "समोर नदी आहे, पूल तुटलाय, काय कराल?" मग ज्यानं त्यानं आपल्या पात्राच्या अकलेनं मार्ग काढायचा आणि जमलं की फसलं, ते फाशांनी ठरवायचं.

हिवाळ्यात कप्तानाला ताप आला. दवाखान्यात नेलं, आणि तो परत आलाच नाही. घरात आता थोरला नव्हता, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत होते.

"मग योद्धा होऊ?" धाकटीनं विचारलं.

"योद्धा सोपा असतो गं. पण मारामारी नसली की नुसता उभा! उन्हाळ्यातल्या छत्रीसारखा."

"ए, मी योद्धा आहे!" बटण म्हणाला.

"म्हणूनच तर माहितीये मला!"

"वैद्य?"

"वैद्य झालीस की हा बेफाम लढणार आणि तू दिवसभर याला पट्ट्या बांधत बसणार."

"मग नव्या माणसानं व्हायचं तरी काय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं, पण ते सांगायचा कप्तान.

"वाटाड्या," शेवटी तिखट हळूच म्हणाली. "नवीन कोणी आलं की कप्तान त्याला वाटाड्याच द्यायचा. थोडी तलवार येते, थोडी जडीबुटी कळते, माग काढता येतो, एखादा मंत्रही जमतो. कशातच पहिला नंबर नाही, पण कुठे अडतही नाही. चुकलीस तरी दुसरं काहीतरी करून बघता येतं."

"मीपण आधी वाटाड्याच होतो," बटण पुटपुटला.

"मला तोच हवा," धाकटी म्हणाली. "पण दादानं केलेला."

दुकानातल्या रिकाम्या रिळांना रंग देऊन कप्तानानं सगळी पात्रं बनवली होती. वाटाड्याच्या रिळाला हिरव्या चिंधीचा झगा होता. ती सगळी पात्रं एका पत्र्याच्या पेटीत होती, आणि पेटी त्याच्या कपाटात.

"त्या खोलीत आता कोणी जात नाही," धाकटी म्हणाली. "पण आज मी जाणार. तुम्ही येता?"

---

कपाट उघडलं आणि तिघंही बघतच राहिले. कपाट रिकामं होतं! पेटी नव्हती, कपडे नव्हते, त्याची फुटकी दुर्बीणसुद्धा नव्हती. हँगर तेवढे लटकत होते.

धाकटी धावत स्वयंपाकघरात गेली. "आई, दादाचं सामान कुठे ठेवलंय?"

आईचा हात पोळपाटावर थांबला. "बाबांनी हलवलं असेल," ती न वळताच म्हणाली. "त्यांना विचारू नकोस हं. त्यांना त्रास होईल."

बाबा बाहेरच्या खोलीत बंद पडलेला पंखा उघडून बसले होते. "आईनं आवरलं असेल बाळा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तिच्याकडे विषय काढू नकोस. आत्ता कुठे सावरतेय ती."

तिघं जिन्यात येऊन बसली.

"म्हणजे यांना वाटतं त्यांनी आवरलं, आणि त्यांना वाटतं यांनी!" तिखट म्हणाली. "अरे, म्हणजे दोघांनीही नाही!"

"मग कोणी? भुतानं?" बटण बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. "चुकलो."

धाकटीनं मूठ उघडली. तिच्या हातात कपाटाच्या तळाशी चिकटलेला एक तुकडा होता. रुंद चिकटपट्टीचा. त्यावर लाल बाण छापला होता.

"ही पट्टी मी पाहिलीये," ती म्हणाली. "मामाच्या गोदामात. तो लोकांचं घरसामान हलवतो ना! आणि आम्ही आत्याकडे गेलो होतो तेव्हा घराची किल्ली त्याच्याकडेच होती. कुंड्यांना पाणी घालायला."

---

मामा गोदामाच्या फाटकाशेजारी काचेच्या केबिनमध्ये एका कानाला एक आणि दुसऱ्या कानाला दुसरा फोन लावून बसला होता.

"मामा, दादाचं सामान तू नेलंस?"

मामाचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो घाईघाईनं म्हणाला, "हे बघ राणी, काही गोष्टी मोठ्यांना कळतात. डोळ्यांसमोर दिसत राहिलं की दुःख जात नाही. तुझ्या आईच्या भल्यासाठीच केलंय मी. जा, आइस्क्रीम खा जा."

"पण ते आहे कुठे?"

फोन पुन्हा वाजला. "हां, बोला मुकादम!" मामानं मुलांकडे पाठ केली. "भंगारवाल्याची गाडी आली की तो मागचा कोपरा सगळा देऊन टाका, ताईकडची खोकीसुद्धा. आजच!"

तिघं बाहेर आली. फाटकावर पहारेकरी होता. कामाशिवाय कोणालाही गोदामात सोडत नव्हता.

"संपलं," धाकटी म्हणाली. "सगळं जाणार आता."

"थांब थांब!" बटणनं कपाळावर हात मारला. "या गोदामाच्या हमालांचे नवे डगले बाबांनीच शिवलेत! गठ्ठा दुकानात तयार पडलाय! उद्या द्यायचा होता, आज दिला तर कोण नको म्हणेल?"

"बटण," तिखट म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तुला हुशार म्हणतेय. सवय लावून घेऊ नकोस."

सायकली सुसाट सुटल्या. येताना एका वळणावर गठ्ठ्यासकट बटण आपटला आणि त्याचा गुडघा फुटला. धाकटीनं आपला रुमाल त्यावर घट्ट बांधला.

"जडीबुटी!" बटण कळवळत म्हणाला. "वाटाड्या, चल!"

गठ्ठा पाहून पहारेकऱ्यानं फाटक उघडलं. आत भंगाराची गाडी नुकतीच उलटी लागत होती. बटण लंगडत पुढे झाला आणि बाबांसारखा आवाज काढून गरजला, "सगळ्यांनी ओळीत उभं राहा! डगले आले! मापं तपासायची आहेत!"

नवे कपडे म्हटल्यावर हमाल हातातलं काम टाकून आले. बटणनं खिशातली टाचण्यांची डबी काढली आणि जो डगला अंगात घालील त्याच्या बाह्या, काखा, कंबर पटापट टाचायला सुरुवात केली.

"आता हलू नका हं! हात खाली आणाल तर काखेत टोचेल!"

"अरे पोरा, गाडी भरायचीये!" मुकादम ओरडला. तोही दोन्ही हात पसरून उभा होता.

"मग भरा की! मी कुठे अडवलंय?"

मुकादमानं हात जरासा खाली आणला. "आई गं!"

तोवर दोघी मागच्या कोपऱ्यात पोचल्या होत्या. खोक्यांवर खोकी, सगळी एकसारखी! तिखट एकेकावरची चिठ्ठी वाचत होती. धाकटी मात्र एका खोक्यासमोर जागच्या जागी थिजली. खोक्याच्या फटीतून एक निळी बाही लोंबत होती. दादाचा शाळेचा स्वेटर. तिनं ती बाही हातात धरली. तिला वाटलं होतं पेटी सापडली की आनंद होईल. पण ती खोक्याला टेकून खाली बसली आणि हमसाहमशी रडू लागली.

तिखट येऊन तिच्या शेजारी बसली. तिचेही डोळे वाहू लागले होते. मग ती उठली. "तू इथेच बस. मी आलेच!" असं म्हणून ती फाटकाजवळच्या फोनवरून धाकटीच्या घरी कळवायला धावली.

भंगारवाला कंटाळून स्वतःच खोकी उचलायला आला. धाकटी त्या खोक्यांवर चढून बसली.

"उतर पोरी."

"नाही. हे माझ्या दादाचं आहे."

"मग दादाला पाठव की! मी बोलतो त्याच्याशी."

"तो नाहीये आता," धाकटी म्हणाली.

भंगारवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तो आपल्या गाडीच्या पायरीवर जाऊन बसला. मुकादमानंही टाचण्या टोचून घेत हात खाली केले. खोक्यांना मात्र कोणी हात लावला नाही.

मामा तणतणत आला तेव्हा रिक्षातून आई-बाबाही उतरत होते. आईच्या हाताला अजून कणीक होती.

"ताई, तुला हे बघायला लागू नये म्हणून..." मामा अडखळला.

आई त्याच्याकडे न बघता खोक्यांपाशी गेली. तिनं ती निळी बाही गालाला लावली. "मला वाटलं, तुम्ही आवरलंत," ती बाबांना म्हणाली. "म्हटलं, बघवत नसेल तुम्हाला. म्हणून बोलले नाही."

"आणि मला वाटलं, तू," बाबा म्हणाले.

मामा खाली मान घालून उभा होता. "मी विचारायला हवं होतं गं," तो म्हणाला. "मलाच ते कपाट बघवत नव्हतं."

आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. कणकेचा पांढरा पंजा त्याच्या सदऱ्यावर उमटला.

"साहेब," मुकादम म्हणाला, "अख्ख्या गोदामाला टाचण्यांनी रोखून धरलं या पोरांनी. वाघ आहेत वाघ!"

"शाब्बास रे," बाबा बटणच्या रुमाल बांधलेल्या गुडघ्याकडे बघत म्हणाले. "तिघंही शाब्बास. आम्ही मोठे नुसते गप्प बसलो. तुम्ही विचारलंत तरी."

---

संध्याकाळी कप्तानाच्या खोलीत सतरंजी अंथरली गेली. मामानंच खोकी वर आणली. पेटीत सगळी रिळं होती. वाटाड्याचा झगा मात्र खोकी आदळण्यात फाटून गेला होता. बटण म्हणाला, "बाबांकडून नवा शिवून आणतो." धाकटी नको म्हणाली. तसंच रीळ तिनं मांडलं.

तिखटनं गोष्ट सांगायला घेतली. "तुम्ही... म्हणजे... एका जंगलात..." ती थांबली. "मला नाही जमत. तो कसा सांगायचा!"

मग दारातून बाबांचा आवाज आला. "रात्र व्हायला आलीये. वारा पडलाय. जंगल इतकं गप्प आहे, की तुम्हाला तुमचेच श्वास ऐकू येताहेत."

तिघंही चकित होऊन बघू लागली. अगदी तेच शब्द!

"आमच्या भिंतीपलीकडे रोज सराव करायचा तो," बाबा म्हणाले. "झोपायच्या आधी. त्याला वाटायचं, आम्हाला ऐकू येत नाही." ते सतरंजीवर येऊन बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "पुढचं सगळं नाही मला आठवत."

"मला आठवतं थोडं," आई त्यांच्याशेजारी बसत म्हणाली. "झाडामागे कोणीतरी कण्हत असतं. हो ना?"

"हो!" मुलं ओरडली.

धाकटीनं फासे उचलले आणि हिरव्या चिंध्यांचं रीळ पुढे सरकवलं. "मी बघून येते," ती म्हणाली.