उद्धवच्या वाटचा द्रोण

होळीला गावात राहणं म्हणजे डोकं फिरवून घेणं. आदिलाबादेत माझ्या ओळखीचे नोकरदार त्या दिवशी कोणाच्या तरी गच्चीवर जमतात, मिळेल ते पितात आणि मग साहेबाच्या नावानं शंख करतात. मला तसलं जमत नाही. मी दरवर्षी एक किल्ला बघतो आणि तिथली जी असेल ती दारू चाखतो. एकच पेला, बसून, चवीनं. वहीच्या एका पानावर किल्ल्याचा नकाशा, समोरच्या पानावर चव. कचेरीत ड्राफ्ट्समन आहे, हात स्वस्थ बसत नाही. निर्मलच्या बुरुजाखाली शिंदी प्यायलो ती सकाळी, झाडावरून नुकती उतरलेली. दुपारपर्यंत तीच आंबून कामातून जाते. उटनूरला मोहाची घेतली, पहिल्या धारेची. मी बेवडा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बेवडा होता माझा धाकटा भाऊ उद्धव. शाळेत मास्तर. एकदा भरवर्गात पडला. नोकरी जाणारच होती, पण मी वरच्यांच्या हातापाया पडलो, हैदराबादला खेटे घातले, तेव्हा कुठं 'पुन्हा तोंडाला वास आला तर कायमचं घरी' असं लिहून घेऊन त्याला ठेवलं. त्याची बायको कुमुदिनी तर गाठोडं बांधून बसली होती. त्यानंतर दोन वर्षं त्यानं थेंबाला हात लावला नाही. खरं सांगायचं तर पहिला पेला त्याच्या हातात मीच दिला होता, तो अठराचा असताना, गंमत म्हणून. ती गंमत मला अजून खाते.

एकोणीसशे सत्तरच्या होळीला त्याला सोबत न्यायचं कारण एवढंच की राजदूत फटफटी त्याची होती आणि मला सायकलपलीकडं काही चालवता येत नाही. तो घरात कोंडून कोंडून चिडचिडा झाला होता, म्हटलं वारा लागेल. निघताना कुमुदिनी म्हणाली, "दादा, तुमच्या भरवशावर पाठवून राह्यली. थेंब बी नको."

"मी आहे ना," मी म्हणालो. "जसा नेतो तसा आणतो."

निर्मलच्या खाली गोदावरीवर कोटघाट आहे. तटबंदीचं बंदर. एके काळी इथून सागवानाचे तराफे थेट समुद्रापर्यंत जात, असं जुने लोक सांगतात. जमिनीकडून एक वेस आणि नदीकडून एक दरवाजा, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांसकट. वेशीपर्यंत चांगला बैलगाडीचा रस्ता होता. पण बंदर बघायचं तर पाण्यावरून, हा माझा हट्ट. राजदूत अलीकडच्या काठावर चिंचेखाली लावली. तिथल्या डोमाजी नावाड्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"रस्त्यानं जा ना," तो म्हणाला. "काऊन पान्यातून?"

"तुझे पैसे मिळतील ना? मग झालं."

त्यानं डोंगा पाण्यात लोटला. डोंगा मध्यावर आल्यावर मात्र पुटपुटला, "वद्दु, वद्दु." नको, नको. उद्धव शाळेत दिवसभर तेलुगू बोलतो. तो हसून म्हणाला, "दादा, हा तुमाले भिऊन राह्यला." मलाही हसू आलं.

फाल्गुनात नदी उतरलेली असते. कोटघाटच्या भिंतीवर पावसाळ्यातल्या पुराची रेघ आमच्या डोक्याच्या पुरुषभर वर होती. डोंगे बांधायच्या लोखंडी कड्या त्या रेघेच्याही वर. मी एक-एक कडी टिपून घेत होतो. त्या सगळ्या ओल्या होत्या. वरून पाणी निथळत होतं, आणि खालचा दगड कोरडा ठणठणीत. आणि वास येत होता. मच्छलीपट्टणला एकदा कामानिमित्त गेलो होतो, तेव्हा स्टेशनबाहेर आला होता तो वास. खारा. मी ओठ चाटले. मीठ लागलं.

"नदीचा गाळ असंल," मी म्हणालो.

दरवाजातून आत गेलो. गल्लीत दोन्हीकडं चटयांवर मोहाची फुलं वाळत घातली होती, गोडसर उग्र वास नाकात बसला. बाया फुलं निवडत होत्या. आम्ही जवळ आलो तशा त्या पाठ करून बसल्या, एकेक करून. पुढं पाच-सहा गडी रस्त्यात उभे होते. आम्ही बाजूनं जायला लागलो तर तेही त्याच बाजूला सरकले. एकजण उद्धवच्या पायाशी थुंकला.

"काय हो, काय झालं?" मी आवाज चढवला.

"मागं बाई बसली हाय. तिच्या हातची घ्या अन् जा," तो म्हणाला.

बाई दरवाजाच्या आतल्या पहाऱ्याच्या खोलीत बसली होती. येताना ती दिसली कशी नाही कोण जाणे. नाव बयनाबाई, तिनंच सांगितलं. म्हातारी, पण ताठ. समोर मडकं, पळसाच्या पानांचे द्रोण. मी मनात म्हटलं, चला, निदान वहीचं दुसरं पान तरी भरेल.

"नावं सांगा," ती म्हणाली.

मी सांगितली. तिनं उंबऱ्यावर एक धार सोडली, "केशवरावाच्या नावानं." मग दुसरी, "उद्धवरावाच्या नावानं." आणि दोन द्रोण भरले.

"हा घेत नाही," मी म्हणालो.

"पान्याच्या दारातून आला ना? मंग घ्याच लागते."

"अहो बाई, घेत नाही म्हणजे नाही. सोडलीय त्यानं."

"तं राहू द्या त्याले इथंच." ती शांतपणे म्हणाली. "जो घेत नाही तो जात नाही."

मागं बघितलं तर ते गडी कमानीत येऊन उभे राहिले होते. एकाच्या हातात डोंगा ढकलायचा बांबू होता. उद्धव पांढरा पडला होता. पण मी घाबरलो ते गड्यांना नाही. त्याचा उजवा हात द्रोणाकडं निघाला होता, सावकाश. दोन वर्षांची सगळी मेहनत त्या चार बोटांत आली होती. माझं डोकं सटकलं.

"आणा इकडं! त्याच्या वाटचं मी घेतो."

आमच्या घरात हे असंच. बाप लवकर गेला, तेव्हापासून उद्धवच्या वाटचा मार मी खाल्ला, त्याचं कडू औषध आधी मी चाखलं, पंगतीत त्याच्या पानावरचं उरलेलं मी संपवलं. थोरल्यानं ते करायचंच असतं. त्यात विचार कसला करायचा!

बयनाबाईनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "दुसऱ्याच्या वाटचं घेनं बरं नाही."

"दुसरा नाही. भाऊ आहे माझा."

"मर्जी तुमची."

पहिला द्रोण माझा. धुराची, गोड, मागून कडसर. फक्कड होती. दुसरा त्याच मडक्यातला, त्याच हातानं भरलेला. तो जिभेला लागला आणि तोंडभर खडूची पूड पसरली. मग एक भीती आली, हेडमास्तर दारात उभा असल्याची, आपल्या तोंडाला वास येत असल्याची. मी कधी कुठल्या हेडमास्तरला भ्यालो नाही. आणि घशातून खाली उतरताच अजून एक हवा, आत्ता हवा, अशी आग उठली. उभ्या जन्मात मला असं झालं नव्हतं. मी द्रोण खाली टाकला.

"झालं," बयनाबाई म्हणाली. "जा आता, उद्धवराव."

"केशवराव," मी म्हणालो.

ती मडकं पुसत राहिली. गडी बाजूला झाले. मी भराभर पायऱ्या उतरलो, डोंग्यात बसलो आणि वळून पाहिलं. उद्धव वरच उंबऱ्याशी थांबला होता. अगदी निवांत.

"चल ना!"

"व्हा तुमी म्होरं."

त्याच्या हातात माझी वही होती, द्रोण घेताना मी खाली ठेवलेली. तो कमान काढत होता. एकेक रेघ, सरळ, एका दमात. उद्धवला फळ्यावर चौकोनसुद्धा धड काढता येत नाही, त्यावरून पोरं त्याला हसतात.

मी उठायच्या आत मागोमाग उतरलेल्या एका गड्यानं बांबूचं टोक माझ्या छातीवर टेकवलं. दुसऱ्यानं डोंग्याला लाथ घातली. डोंगा प्रवाहाला लागला.

"उद्धव!" मी ओरडलो. "उद्धव!"

त्यानं मान वर केली नाही.

मग आतून बयनाबाईची हाक आली. "केशवराव, या आत."

त्यानं वही मिटली आणि तो आत गेला.

डोमाजी परत वळेना. मी शिव्या दिल्या, हात जोडले. तो वल्हवत राहिला. अलीकडच्या काठाला उतरून, पुढं पाणी उथळ होतं तिथून नदी ओलांडून, रस्त्यानं वळसा घालून मी वेशीवर गेलो. वेस बंद. तटावरून दगड आले. एक कपाळाला लागला. उन्हं कलेपर्यंत मी तिथं भावाचं नाव घेऊन ओरडत होतो. आत कोणीतरी हसत होतं. शेवटी ठरवलं, निर्मलला जाऊन पोलीस घेऊन यायचे. दुसरा मार्ग नव्हता.

इचोड्याला ढाब्यापाशी थांबलो तेव्हा भानावर आलो. निर्मल कधीच मागं पडलं होतं. घाट चढून, ट्रकांना बाजू देत मी इथवर आलो होतो. माझ्याखाली राजदूत होती. किल्ली वळवून मी ती बंद केली आणि सवयीच्या हातानं स्टँडवर लावली.

ढाबेवाला हसत पुढं आला. "क्या मास्टरसाब, बहुत दिन बाद?" त्यानं न विचारता एक पेला समोर ठेवला. चहाचा नव्हता.

मी तो ढकलून दिला. त्यानं परत ठेवला. मी परत ढकलला. दुसऱ्यांदा ढकलायला फार वेळ लागला.

परत कोटघाटला जाणार होतो, देवाशप्पथ. पण हातांनी गाडी घराकडं वळवली.

दिवे लागले होते. कुमुदिनी दारातच उभी होती. मी जवळ गेलो तशी तिनं नाक मुरडलं आणि तिचे डोळे भरून आले.

"घेतलीच ना," ती म्हणाली. "दोन वर्षं, अन् आज घेतलीच. आता शाळेत कोनतं तोंड दाखवान?"

"कुमुदिनी, ऐक. ती मी—"

"काही नका सांगू मले." तिनं माझ्या सदऱ्याची कॉलर मुठीत धरली, तिच्या दुसऱ्या हाताचा अंगठा माझ्या कपाळावरचं रक्त पुसत होता. "दादांनी शब्द देल्ला होता. कुठी हायत दादा? संगं काऊन नाही आले?"

मी थोरला दीर. लग्न होऊन आल्यापासून अकरा वर्षं ती माझ्यासमोर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय आली नव्हती, माझ्या अंगाला तिचा हात कधी लागला नव्हता. मी तोंड उघडलं, मी कोण ते तिला सांगायला.

पदर तिच्या खांद्यावरच होता.