रिआखची खूण

फोन खिशात ठेवा पोरांनो, मग सांगतो. फर्गस गेडिस माझ्या शेजारच्याच घरातला. दहा वर्षं दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस.

अकरा नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी तो जुन्या नोंदींच्या कचेरीत एका नोंदीची नक्कल आणायला गेला. विल्यम म्हणून त्याचे खापरपणजोबा पाथरवट होते, त्यांचा माग काढायचं वेडच लागलं होतं त्याला. जन्म, लग्न, जनगणना, सगळं धुंडाळून झालं होतं. घरात विल्यमची छिन्नी होती, तिच्यावर खूण होती, त्रिकोणात बाण. आमच्याकडे दर पाथरवटाची खूण वेगळी. दगड घडवून पुरा झाला की खाली कोरायची, म्हणजे हे काम माझं. फर्गसने तीच खूण घालून विल्यमच्या कबरीवर नवा दगडही बसवला होता.

कचेरीतल्या बाईंनी पाथरवटांच्या संघाची खुणांची वही पुढे सरकवली.

"मिस्टर गेडिस, ही खूण तुमच्या विल्यमची नाही हो. सँडी रिआखची आहे."

मग चर्चच्या पंचांची वही निघाली, १८७१ ची. घंटाघराच्या परांचीवरून पडून रिआख मेला. त्याची बायको म्हणाली, विल्यमने ढकललं. विल्यमने शपथेवर सांगितलं, दारू प्यायला होता, पाय घसरला. पंचांनी त्याचंच मानलं. दारुड्याची विधवा म्हणून चर्चने तिला मदत तर सोडाच, दारातही उभं केलं नाही. त्या हिवाळ्यात तिची दोन लेकरं गेली. रिआखची हत्यारं विल्यमने वापरली.

रात्री जेवताना बायको इश्बेल म्हणाली, "उद्याच्या उद्या ती खूण काढून टाक. आणि त्या बिचाऱ्याच्या नावाचा एक दगड बसव."

"आणि गावात तोंड कसं दाखवू? खुन्याचा वंश म्हणतील. सगळे मेलेत, इश्बेल. आता कोण येतंय जाब विचारायला?"

पंचांच्या वहीतल्या त्या पानाची नक्कल त्याने आणली होती, ती शेगडीत घातली.

रात्री अकरा चाळीस.

टक्. टक्. टक्.

"ऐकतेस ना?"

"नळ वाजत असेल. झोप."

टक्... टक्...

त्यांचं घर वरच्या मजल्यावर, बाहेरून दगडी जिना. आवाज तिथूनच येत होता. दगडावर छिन्नीचा. फर्गस बॅटरी घेऊन उठला. दार उघडलं. आवाज थांबला.

"कोण आहे?"

...

इश्बेलला त्याचा आवाज आला. अगदी हळू.

"सँडी...?"

मग धाडकन काहीतरी पडल्याचा आवाज.

ती धावली. तो जिन्याच्या पायथ्याशी पडला होता. मान मोडलेली. अंगाला व्हिस्कीचा भपकारा.

पोलिसाने लिहून घेतलं, दारू प्यायला होता, पाय घसरला. इश्बेल घसा फोडून सांगत होती, हा शिवतसुद्धा नाही. कोणी ऐकलं नाही.

उजाडल्यावर रक्त धुवायला बादली घेऊन मीच गेलो. सगळ्यांत खालच्या पायरीवर दगडाची ताजी भुकटी पडली होती. मी ती हाताने बाजूला सारली.

त्रिकोणात बाण.