दुपारी दार उघडायचं नाही

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी तिथे होते. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा... मला ती सोय नाही.

गेल्या ऑगस्टमधला शनिवार. भर दुपार. अंधार नाही, रात्र नाही, डोळे उघडता येणार नाहीत असं ऊन. जागा म्हणजे फुजैराच्या बाजूला डोंगरांच्या पायथ्याशी, खजुराच्या बागांमधलं एक छोटंसं चर्च. गावाचं नाव लिहीत नाही. लोक अजून तिथे प्रार्थनेला जातात.

मी अर्चना. दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला राहते. नवरा निखिल, मुलगी दिया, आणि तेव्हा आमच्याकडेच राहणारी माझी नणंद, शुभ्रा.

शुभ्रा दुबईतल्याच जेएलटी भागातल्या एका ऑफिसात छोट्या डॉक्युमेंटरी बनवायची. त्या चर्चचा वर्धापनदिन जवळ आला होता आणि त्यांना आपल्या इतिहासावर फिल्म हवी होती. शुभ्राकडे लायसन्स नव्हतं. निखिल मुंबईला गेलेला. मग मीच ड्राइव्ह केलं, दियाला मागे बसवून.

शुभ्राचा स्वभाव सांगते. दारात डिलिव्हरीवाला आला की आधी पाणी, मग पार्सल. मी वैतागायचे.

"अगं, ही काय धर्मशाळा आहे?"

"वहिनी, बाहेर उन्हात जरा उभी राहून बघ," ती म्हणायची. बस, एवढंच.

चर्च बाहेरून चर्च वाटतच नव्हतं. वर क्रॉस नाही, घंटा नाही. दगडी भिंती, बुटकं छप्पर, एक लोखंडी दार आणि त्याच्यासमोर एक पायरी. आजूबाजूला वाळू.

चावी कुरियन अंकलकडे असायची. केरळचे. तरुणपणी इथे आले आणि इथेच म्हातारे झाले. चर्चची सगळी देखरेख त्यांच्याकडे. शुभ्राने त्यांना झाडाखाली खुर्चीवर बसवलं आणि कॅमेरा लावला.

अंकल छान बोलत होते. बागांसाठी पाणी शोधायला इंग्रज इंजिनियर आले होते. सुट्टीच्या दिवशी त्यांनी स्वतः डोंगरातले दगड आणून या भिंती उभ्या केल्या. पाद्री शहरातून यायचा, तोही महिन्यातून एकदा. मग इंग्रज गेले आणि मल्याळी राहिले.

"अंकल, यहाँ कभी कुछ अलग हुआ? कुछ... जो लोग भूले नहीं?"

अंकलनी दाराकडे बघितलं.

"नथिंग. व्हेरी पीसफुल चर्च."

शुभ्राला आतलं शूटिंग करायचं होतं. अंकलनी दार उघडलं, आतला एसी लावला आणि लगेच बाहेर आले.

"आप भी चलिए ना, बाहर कितनी गर्मी है," शुभ्रा म्हणाली.

"दोपहर में मैं अंदर नहीं बैठता." मग जाता जाता म्हणाले, "कोई दरवाज़ा बजाए, तो खोलना नहीं. हवा है."

हवा नव्हती.

झाडाचं एक पानही हलत नव्हतं.

शुभ्रा हसली, आत गेली, दार लावून घेतलं. दिया गाडीत पेंगत होती म्हणून मी एसी चालू ठेवून गाडीतच बसले. समोर बरोबर ते दार. मी त्याच्याकडेच बघत होते. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंच.

पायरीवर कुणी आलं नाही. हे मी शपथेवर सांगते.

तरी थोड्या वेळाने दार उघडलं.

शुभ्रा दारात उभी होती. तिने खाली पायरीकडे बघितलं आणि तिचा चेहरा एकदम बदलला... रस्त्यावर कुणी कोसळलेलं दिसावं तसा. ती वाकली. तिचे ओठ हलत होते. मग तिने हात पुढे केला, जसं कुणाला तरी उठवतेय.

आणि बाजूला सरकली.

कुणाला तरी आत यायला जागा देत.

दार बंद झालं. ते शुभ्राने लावलं नाही. तिचे दोन्ही हात समोर होते... कुणालातरी धरल्यासारखे.

मी गाडीतून उतरले, तेव्हा गाणं सुरू झालं.

इंग्रजी प्रार्थना. बायका, पुरुष, पुष्कळ आवाज. आत शुभ्राशिवाय कुणी नव्हतं.

मग दार वाजायला लागलं.

आतून.

"वहिनी! वहिनी, दार उघड गं!"

मी धावले. कडी धरली तर हाताची कातडी चिकटली, इतकं लोखंड तापलेलं. ओढणी गुंडाळून ओढलं. दार हललं नाही. आत शुभ्रा तळव्यांनी दार बडवत होती. ती जितक्या जोरात ओरडायची... तितकं गाणं चढायचं. तिचा आवाज बुडावा म्हणूनच गात होते ते.

"अंकल! चाबी!"

कुरियन अंकल झाडाखालून उठले नाहीत.

"चाबी से नहीं खुलेगा," ते म्हणाले.

मग त्यांनी मान खाली घातली. त्यांचे ओठ हलायला लागले. आधी मला वाटलं देवाचं नाव घेतायत.

ते गात होते. आतल्या लोकांबरोबर. तेच शब्द.

मी किती वेळ दार ओढत होते, माहीत नाही. शुभ्राचा आवाज बसत गेला. मग नुसतं खरवडणं. मग तेही थांबलं.

आणि गाणं थांबलं.

दार आपोआप उघडलं. एसीचा गार झोत माझ्या तोंडावर आला. शुभ्रा उंबऱ्याला लागून पडली होती. हात लावला, तर अंग तव्यासारखं. ओठ चिरलेले. पायातले शूज मीच काढले... तळव्यांची कातडी शूजमध्ये राहिली.

शूजना काहीही झालं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर मला ओरडले. "उन्हात अनवाणी किती चालू दिलंत हिला?" मी सांगितलं, ती एसीत होती, गार खोलीत होती. त्यांनी नर्सकडे बघितलं.

कुरियन अंकल कॉरिडॉरमध्ये शेजारी येऊन बसले. मी विचारलं नव्हतं, तरी सांगायला लागले. शांतपणे, जसं दुसऱ्या कुणाचं सांगतात.

पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांच्या मोठ्या साहेबांच्या घरी सिलोनची एक मुलगी कामाला होती. तिला कोंडून ठेवायचे, मारायचे. एका दुपारी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना ती पळून आली. अनवाणी, त्या वाळूतून. दार आतून लावलेलं. ती दार बडवायला लागली. साहेबांची बायको पहिल्याच बाकावर बसली होती. ती मागे वळून म्हणाली, "गात राहा. अजून जोरात."

"और आपने... किसी ने नहीं खोला?"

"साहब के हाथ में सबका वीज़ा था, बेटी. हमने गाया. जितने गाने आते थे, सब गाया."

प्रार्थना संपल्यावर दार उघडलं. ती पायरीवर होती.

"आपको रात को नींद आती है?" मी विचारलं.

"क्यों नहीं? मेरे बच्चे कॅनडा में हैं. गॉड हॅज बीन गुड." ते उठले, शर्ट नीट केला. "मैंने बोला था उसको, खोलना नहीं."

शुभ्रा पहाटे गेली. निखिल पोचला तेव्हा तिच्या अंगावर चादर होती. त्याला मी उष्माघात एवढंच सांगितलं. डॉक्टरांनीही तेच लिहिलं होतं.

चर्चचा वर्धापनदिन थाटात झाला. फिल्म दुसऱ्या कुणीतरी पुरी केली. शेवटी शुभ्राचं नाव होतं. स्पेलिंग चुकलेलं.

मी हे विसरायचा प्रयत्न करत होते. खरंच करत होते.

मागच्या आठवड्यात दुपारी दिया शाळेतून आली, जेवली. निखिल ऑफिसला. आणि आमचं दार वाजलं.

बेल आहे आमच्याकडे. बेल नाही वाजली. तळव्याने, हळू...

मी दाराच्या भिंगातून बघितलं. कॉरिडॉर रिकामा.

"वहिनी..." आवाज अगदी खालून आला, उंबऱ्याजवळून. "पाय भाजतायत गं."

दिया धावत आली. "मम्मा, इट्स आत्तू! ओपन द डोअर!"

मी तिला उचललं, बेडरूममध्ये नेलं, दार लावलं आणि तिचे कान दाबून धरले. ती रडत होती. "व्हाय आर यू बीइंग मीन टू हर?"

मी नाही उघडलं.

तेव्हापासून रोज दुपारी. सुट्टीच्या दिवशी मी काहीतरी कारण काढून सगळ्यांना बाहेर नेते. दिया माझ्याशी बोलत नाही.

सोमवारपासून निखिलला वर्क फ्रॉम होम मिळालंय. दुपारी तो घरीच असेल. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. बहिणीचा आवाज ऐकला, तर तो दार उघडेल.

आणि सांगितलं...

तरीही उघडेल.